जिम्नी, २ इंच लिफ्ट, २३५/७५ आर१५: ११ महिन्यांनंतर, मुख्यतः एका जोडाबद्दल

मारुतीच्या पाच दरवाजांच्या जिम्नीवर लिफ्ट (गाडीची उंची वाढवणारं किट) आणि मोठे टायर चढवून ११ महिने झाले, १३,४०० किलोमीटर. दोन महिन्यांनी लिहिलं असतं तर नुसतं कौतुक असतं. जुलैत ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली तेव्हा खालचा फोम पाण्याने गच्च भरलेला निघाला. पाणी आलं होतं पुढच्या चाकामागच्या पत्र्यांच्या वीतभर जोडातून. चाक घासू नये म्हणून गॅरेजने तोच जोड ठोकून चपटा केला होता.

आधी मापं. मूळ १९५/८० आर१५ टायरचा व्यास ६९३ मिमी, नव्याचा साधारण ७३३. त्रिज्या २० मिमीने वाढली, रुंदी ४० मिमीने. मूळ ५.५ इंची रिमवर हा टायर चढवू नका, या मापाला किमान ६ इंची रिम लागते. इथे १५×६, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर) शून्य. मूळचा ऑफसेट +५ आहे. म्हणजे टायर मूळ जागेपेक्षा १५ मिमी आत आणि २५ मिमी बाहेर आला. ऑफसेट आणखी उणे केला तर आतलं घासणं थांबतं, पण फुल कट मारताना चाक मोठा घेर घेतं आणि बंपरवर व मागच्या जोडावर जास्त जोरात येतं. शिवाय हब बेअरिंगवर ताण वाढतो.

लिफ्टने चाकाला जागा मिळते हा समज गाडी सपाट जमिनीवर उभी असेपर्यंतच खरा. एक चाक दगडावर चढलं की स्प्रिंग पूर्ण दबते आणि टायर मूळ उंचीइतकाच वर जातो. मोठा टायर तिथे पत्र्याला लागणारच. म्हणून बंप स्टॉप, म्हणजे ॲक्सलला वर जाताना अडवणारे ठोकळे, वाढवायला हवेत. या गाडीत पुढे ३० मिमीचे ठोकळे टाकले. चाकाची वर जायची चाल तेवढी कमी झाली, पण ग्राइंडरने पत्रा कापायचं निम्मं काम वाचलं.

पत्र्याला हात लावण्याआधी ॲक्सल मधोमध आणा. लिफ्टनंतर पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला चॅसिसशी आडवा जोडणारा दांडा) तिरपा होतो आणि ॲक्सल एका बाजूला ओढला जातो. फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडून दोन्हीकडे टायरपर्यंतचं अंतर मोजा. इथे ५ मिमीचा सरक होता, ॲडजस्टेबल रॉडने तो गेला. हे न करता कापलं तर एका बाजूला विनाकारण कापलं जातं आणि दुसरीकडे घासत राहतं.

मग पुढच्या दोन्ही स्प्रिंग काढा, चॅसिस स्टँडवर ठेवा आणि जॅकने एक चाक बंप स्टॉपला टेकेपर्यंत उचला. दुसरं लटकतं ठेवा. टायरला खडू फासून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. खडू उमटेल तिथे काम करायचं आणि १२ मिमी मोकळी जागा सोडायची, कारण लाल चिखल आणि खडी टायरवर चिकटून येते. लटकत्या बाजूला ब्रेक होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, तेही याच वेळी पाहा.

बंपरचा खालचा मागचा कोपरा कापणं सोपं आहे. मडफ्लॅप काढावे लागतात. रेडियस आर्मला (ॲक्सलला चॅसिसशी उभा जोडणारा दांडा) टायरची आतली बाजू लागत होती, त्यासाठी स्टिअरिंगचे स्टॉप बोल्ट ३ मिमी बाहेर काढले. वळणाचा घेर थोडा वाढला, चालतो.

लायनरबाबत, म्हणजे चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तराबाबत, मत बदललं. काढूनच टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. उन्हाळ्यात त्याशिवाय काही बिघडलं नाही. पावसात मात्र चाकाने उडवलेला चिखल थेट जोडावर बसला. आता लायनर परत आहे: हीट गन कमी तापमानावर, प्लास्टिक चकाकायला लागलं की फडकं गुंडाळलेल्या लाकडाने आत दाबायचं आणि थंड होईपर्यंत धरून ठेवायचं. घाई केली तर ते पुन्हा मूळ आकारावर येतं.

आता तो जोड, म्हणजे पिंच वेल्ड. एकमेकांवर स्पॉट वेल्ड केलेले पत्रे आणि त्यांची बाहेर आलेली कड. घणाने ठोकली की कंपनीचा लेप आणि सीलंट तडकतात, पत्रे केसभर सुटतात आणि त्या फटीत पाणी शोषलं जातं. गॅरेजने त्यावर थेट डांबरी अंडरबॉडी कोट मारला. डांबर उन्हात मऊ होतं, खडीने टवके उडतात आणि गंज खालून पसरतो. वरून सगळं काळंभोर, छान दिसत राहतं! साडेतीनशे रुपयांची पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची ट्यूब वाचवली आणि पुढे मॅट, फोम, पत्रा असं सगळं उघडावं लागलं. याचा राग अजून गेलेला नाही.

नीट करायचं तर क्रम असा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, आतली मॅट आणि वायरिंग बाजूला घ्या, काचांवर ओलं गोणपाट टाका, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात. कडेला दर २५ मिमीवर चिरा द्या आणि एकेक पाकळी चपटी करा. स्पॉट वेल्ड तुटले असतील तर तिथे मिग वेल्डिंगने टाके. वायर ब्रशने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, इपॉक्सी प्रायमर मारा, तो पूर्ण वाळू द्या. मग पीयू सीलंट ब्रशने फटीत दाबून भरा आणि एक दिवस सोडा. त्यावर स्टोनगार्ड (खडीचा मार झेलणारा लेप), आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण). आंबट वासाचं सिलिकॉन इथे अजिबात नको: त्यातल्या ॲसिडने पत्रा गंजतो आणि त्यावर रंगही धरत नाही. शेवटी एकाने खालून पाइपने १० मिनिटं पाणी मारायचं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. मॅट त्यानंतरच बसवायची.

स्पीडोमीटर आता ५.५ टक्के कमी दाखवतो: काटा ८० वर असताना वेग जवळपास ८५. ओडोमीटरही तेवढाच मागे, त्यामुळे ॲव्हरेज काढताना किलोमीटरला १.०५८ ने गुणा. घाटात पाचवा गिअर लवकर सोडावा लागतो, कारण १.५ लिटर इंजिनाला ही चाकं जड जातात. आणि हे सगळं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येतं. विमा दावा अडू शकतो, हे धरूनच पैसे घाला.

टायर ठेवणार. जांभ्याच्या वाटेवर डिफरन्शियलखाली मिळालेले २० मिमी दर वेळी कामी आलेत. फक्त दर मे महिन्यात लायनरच्या मागच्या दोन क्लिपा काढायच्या आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जोड दाबून पाहायचा. सीलंट रबरासारखं परत वर आलं तर ठीक. टोक आत शिरलं तर पहिल्या पावसाच्या आत उघडायचं.