एल.एस. बेल्ट (कमरेचा पट्टा): गाडीवर ठीक, घरी खुंटीला

एमआरआयच्या रिपोर्टवर ‘एल-४ एल-५ डिस्क डेसिकेशन’ (कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी सुकणं) आलं की पेशंट थेट सर्जिकलच्या दुकानात जातो आणि कमरेचा पट्टा घेऊनच बाहेर पडतो. पट्टा झिजलेली गादी भरून आणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) दोन्ही नेहमीच्या उपचारांत नकोत असंच आहे. तरी नाशिकात सातपूर-अंबड बाईकवर जाणाऱ्याला किंवा निफाडकडे द्राक्षांचे क्रेट भरणाऱ्याला तेवढ्या दोन-तीन तासांपुरता आधार वाटतो. तेवढ्यासाठी घ्यावा.

पॅन्टच्या नंबरावर साइज घेऊ नका. बेंबीच्या रेषेत टेप लावून माप घ्या आणि खोक्यावरच्या तक्त्याशी जुळवा. पाठीकडच्या शिवणीत उभ्या पट्ट्या असतात, त्या बाहेर काढून बघा. धातूच्या असतील तर कमरेच्या खळग्याप्रमाणे हाताने वाकवता येतात. न वाकवता तशाच घातल्या तर मधे पोकळी राहते आणि वरचं टोक बरगडीखाली टोचतं. पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या महिनाभरात मुडपतात. दुकानातच स्टुलावर बसून चपलेचा बंद लावून बघा; जांघेत रुतला तर कमी उंचीचा मागा.

बांधताना हमखास होणारी चूक म्हणजे पट्टा पोटावर चढवणं. मागची खालची कड नितंबांच्या वरच्या भागावर यायला हवी. बनियनवरून, उभं राहून, श्वास सोडत आवळा. आत सपाट तळहात जाईल इतकाच. जेवताना सैल, झोपताना काढलेला. हर्निया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टर.

पट्ट्याने स्नायू लुळे पडतात असं सर्रास सांगतात, पण ते नीटसं सिद्ध झालेलं नाही. पट्ट्याशिवाय वाकायचीच भीती बसते, हा खरा तोटा.

टिकाऊपणात आधी वेल्क्रो जातो. त्यात धागे-केस अडकतात. जुन्या टूथब्रशने काढा. धुताना पट्ट्या काढून, वेल्क्रो बंद करून, गार पाण्यात हाताने धुवा. गरम पाण्याने इलॅस्टिक ढिलं पडतं.

दहा सिटिंगचं शेकाचं पॅकेज घेण्यापेक्षा फिजिओकडे दोन-तीन वेळा जाऊन व्यायाम शिका: एक गुडघा दुमडून डोकं-खांदे जरासे उचलणं, कुशीवर कोपराचा आधार, आणि रांगत्या स्थितीत विरुद्ध हात-पाय लांब करणं. प्रत्येकात दहा सेकंद थांबायचं. जोडीला कृषीनगरच्या ट्रॅकवर चालणं, दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वाढवत. सहा-आठ आठवडे धरून चला. चमक पायात खाली उतरू लागली तर तो व्यायाम थांबवून फिजिओला दाखवा.

लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना, तर पट्टा आवळत बसू नका. त्याच दिवशी इमर्जन्सी गाठा.