ड्रमसेटची पानं: गणपती ते उन्हाळा वापरून झाल्यावर

गणपतीत चढवलेली पानं, म्हणजे ड्रमवर ताणलेले प्लास्टिकचे पडदे, नवरात्र, सोलापूरच्या गड्ड्याचे (सिद्धेश्वर यात्रेचे) कार्यक्रम आणि लग्नसराई काढून मे महिन्यापर्यंत वाजली. सेट नेहमीचाच: १२, १३ आणि १६ इंची टॉम, १४ इंची स्नेअर (खालून तारा लावलेला ड्रम), २२ इंची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम). टॉमवर दुपदरी पारदर्शक, ७ मिलचे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दोन पदर. स्नेअरवर एकपदरी कोटेड (वर खरखरीत लेप असलेलं), १० मिल, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. रेमो या पानं बनवणाऱ्या कंपनीच्या नावांत सांगायचं तर टॉमवर एम्परर आणि स्नेअरवर अँबॅसडर.

मांडवात वाजवणाऱ्यांनी टॉमला दुपदरीच घ्यावं. ठोका भरीव येतो, घुमारा लवकर बसतो, माइकवाल्याचं काम निम्मं होतं. पण हुतात्मा स्मृतिमंदिरासारख्या बंद सभागृहात भावगीतांना हेच पान मुकं वाटतं, कारण हलक्या हाताला दोन पदर मोकळे हलत नाहीत. तिथे टॉमलाही एकपदरी कोटेड हवं.

आपल्याकडे वरचं पान बदलतात आणि खालचं वर्षानुवर्षं तसंच ठेवतात. आवाज किती वेळ रेंगाळणार हे मात्र दोन्ही पानांच्या ताणातला फरक ठरवतो. दोन्ही सारख्या सुरात असली की टॉम सगळ्यात लांब गातो; खालचं थोडं चढं ठेवलं की स्वर स्वच्छ येऊन लवकर थांबतो. सोलापुरात बहुतेक कार्यक्रम उघड्यावर, मोठ्या स्पीकरवर होतात, म्हणून चढंच बरं. स्नेअरच्या खाली ३ मिलसारखं पातळ स्नेअर-साइड हेडच (खालचं पान) लागतं. जाड पान लावलं की तारा हलक्या ठोक्याला बोलतच नाहीत.

पान चढवताना शेलचा (ड्रमच्या पिंपाचा) काठ कोरड्या फडक्याने पुसा. धुळीचा एक खडाही सूर वाकडा करतो. काठावरून बोट फिरवून खाच आहे का पाहा, असेल तर कोणतंही पान नीट बसणार नाही. सगळे बोल्ट आधी बोटांनीच लावा, मग चावीने समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा. मध्यभागी तळहाताने दाबल्यावर कडेचा गोंद कटकटतो, घाबरू नका. मग प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत टिचकी मारून सगळीकडे एकच सूर येईपर्यंत पाव-पाव फेरा द्या. दुसऱ्या दिवशी पान थोडं उतरलेलं असतं, पुन्हा सुरात लावा.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. हलगी शेकली की चढते, प्लास्टिकचं पान उन्हात उतरतं. दुपारी टेम्पोतून उतरवलेला सेट लगेच सुरात लावला, तर रात्री हवा गार झाल्यावर तो चढलेला सापडतो. सावलीत तासभर ठेवून, कार्यक्रमाच्या तोंडावरच लावा.

झीज म्हणाल तर टॉमच्या पानांवर बारीक खड्डे आहेत, सूर अजून धरतात. स्नेअरचं कोटिंग मध्ये टक्कल पडल्यासारखं गेलंय, ब्रशचा सरसर आवाज तिथे येत नाही. काठ्यांनीच वाजवायचं असेल तर अजून चालेल. किकच्या पानाला बीटर (पेडलचा ठोकणारा गोळा) लागतो तिथे पहिल्याच दिवशी पॅच चिकटवा, नाहीतर तिथूनच फाटतं.