नोकरी सोडून चर्चच्या सेवेत यायचंय? मास्तर, नर्स, सेल्सवाला की फाउंड्रीवाला, कुणाची तयारी कुठं कामी येते

आपल्याकडं चर्चमध्ये एखादा पोरगा जरा सुरात गायला की लोक लगेच म्हणतात, याला देवाचं पाचारण आहे, हा पाळक होणार बघा. आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत वर्षानुवर्षं शिफ्ट सांभाळलेला माणूस म्हणाला की मला सेवेत यायचंय, तर तेच लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. माझं मत नेमकं उलटं आहे, आधीच सांगून टाकतो. स्टेजवर दिसणारी कला शिकवून येते, पण माणसांत राबून लागलेली सवय कुठल्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, मिळत नाही.

मास्तर आणि नर्स यांची तुलना पहिली, कारण आपल्या घराघरात हेच दोन पेशे. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब 1852 ला कोल्हापुरात आले, पुढं मिरजेला वॉनलेस डॉक्टरांचा दवाखाना 1894 ला उभा राहिला, शाळा आणि दवाखाने तिथनंच आपल्यात मुरले. मास्तर सेवेत आला की रविवारचा संदेश मुद्देसूद होतो, संडे स्कूल सुधारतं, बाप्तिस्म्याच्या तयारीचे क्लास वेळेवर सुरू होतात. पण मास्तरला बोलायची सवय, घरभेटीला गेला तरी दहा मिनिटात तिथं वर्ग भरतो, आणि ज्या बाईचा नवरा दारू पिऊन काल रात्री ओरडला ती बिचारी मान हलवत बसते. नर्सचं वेगळं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या घरी ती गेली की आधी उशी नीट करणार, पाठीला जखम झालीय का बघणार, सुनेला विचारणार रात्री झोप झाली का तुमची, मग दोन वाक्यांची प्रार्थना. ती दोन वाक्यं घरातले लोक महिनाभर सांगत फिरतात. तिला पुलपिटवर, संदेश द्यायच्या जागेवर, उभं राहायची भीती वाटते हे खरं, पण ती भीती वर्षभरात जाते. मास्तरची ऐकायची सवय वर्षभरात लागत नाही. मला एकच निवडायचा असेल तर नर्स, डोळे झाकून.

सेल्सवाले आणि एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी. यांना नकाराची लाज वाटत नाही, दहा दारं बंद झाली तरी अकरावं वाजवतात, सुवार्तेच्या कामाला ही लई मोठी गोष्ट. धोका एवढाच की टार्गेट डोक्यातनं जात नाही, मीटिंगला किती आले, किती हात वर झाले, आणि जो आला नाही त्याच्या घरी का जायचं हे त्यांना पटकन समजत नाही.

आता फाउंड्रीवाला सुपरवायझर, ज्याला कोण विचारत नाही. रात्री दोनला फोन येतो की अमक्याचे वडील गेले. शवपेटी कुठनं आणायची, कब्रस्तानात खड्डा कोण खणणार, मुंबईची बहीण कुठल्या गाडीनं येतीय, आणि कोपऱ्यात दोन भाऊ वाटणीवरनं आत्ताच कुजबुजायला लागलेत त्यांना गप्प कोण बसवणार. ज्यानं तिसऱ्या शिफ्टला भट्टी बंद पडल्यावर वीस माणसांची डोकी थंड ठेवलीत त्याला हे नवीन नाही. संदेश त्याचा साधा असेल, असू दे.

बँकेत नाहीतर साखर कारखान्यात हिशेब केलेला माणूस पाळक नाही झाला तरी मंडळीत हवाच. दानाची पिशवी दोघांनी मिळून मोजायची आणि दोघांनी सही करायची, एवढा एक नियम त्यानं लावला तरी निम्मी भांडणं मिटतात.

गाणं वाईट नाही हां. नारायण वामन टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले आणि आपलं कवीपण भजन-कीर्तनात घालून त्यांनी येशूची गोष्ट मराठी माणसाच्या कानाला ओळखीची केली. पण फक्त गाणं येतंय म्हणून राजीनामा देऊ नका, आधी एक पावसाळाभर कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्याच्या वॉर्डात पाळकांबरोबर रुग्ण भेटीला जा.

राहिला प्रश्न नोकरी सोडून पूर्णवेळ, की नोकरी ठेवून सेवा. पूर्णवेळात अभ्यास होतो, पदवीधराला बी.डी.ला, म्हणजे पाळकाच्या पदवीला, साधारण चार वर्षं, पुण्यात सोय आहे, आणि पाळक व्हायचं असेल तर हा रस्ता टाळता येत नाही. नोकरी ठेवली तर घर चालतं आणि कमिटीतल्या पैसेवाल्यासमोर खरं बोलता येतं, हा फायदा कोण उघड सांगत नाही. बायबलमधला पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाकडं राहून तंबू शिवायचा. मिशनरी विल्यम कॅरी आधी चपला-बूट शिवणारा माणूस, पुढं बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून 1805 ला मराठीचं व्याकरण छापलं. दोघांनाही हातातल्या धंद्याचा कमीपणा वाटला नाही. घरी लहान पोरं आणि कर्ज असेल तर मी नोकरी ठेवा म्हणेन, एकटे असाल आणि वय तिशीच्या आत असेल तर जा.

आणि जायचंच ठरलं तर आधी बायकोला विचारा, पाळकांना नंतर. मग पगाराची स्लिप काढून बघा, ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायला दोन-तीन महिनेच कमी पडत असतील तर तेवढं थांबा, सेमिनरीची फी तिथनंच भरायची आहे.