खांब दुरुस्तीला नेले, परत आले ते दुसरेच

बार्शीजवळच्या गावात आमचा वाडा. तळाला काळा दगड, वर भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या भिंती, माथ्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. आजी गेल्यापासून बंद. मागचं माळवद तर बसलंच होतं. सोपा (ओसरी) आणि चौक नीट करून गावातल्या पोरांसाठी अभ्यासिका काढायची, असं भावाचं आणि माझं ठरलं.

पुण्यात एक कंत्राटदार भेटला. फोनमध्ये वाड्यांचे फोटो ढीगभर. (ते वाडे त्यानंच केले होते का, हे विचारायचं सुचलं नाही.) सोप्याचे चार सागवानी खांब नखानं खरवडून म्हणाला, "वाळवी आहे, औषधाला न्यावे लागतील." मी का-कू केली की किल्लारीचा भूकंप काढायचा. १९९३ नंतर आमच्या भागात ते नाव निघालं की माणूस गप्प होतो. तिथल्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या, भेंड्यांच्या नव्हत्या, एवढंही तेव्हा तोंडातून निघालं नाही.

तीन महिन्यांनी खांब आले. चकचकीत पॉलिश, भाऊ खूश. मी उजवीकडच्या खांबावरून हात फिरवला. आजी त्याला दोरी बांधून ताक घुसळायची. दोरीनं घासून घासून गुडघ्याच्या उंचीवर बोट बुडेल एवढी खाच पडली होती. ती नव्हती. "खाचेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घेतली," कंत्राटदार म्हणाला. मग खांब खालच्या दगडी तळखड्यावर बोटभर अपुरा कसा पडला, खाली पाचर का मारावी लागली? गावच्या सुतारानं पाठीमागून रंधा मारला, तर आत कसलंसं पांढरट लाकूड.

गिलाव्याचीही तीच गत. बिलात चुना, गूळ, बेलफळ. भिंतीवर सिमेंट आणि वरून चुन्याचा एक हात. पहिल्याच पावसाळ्यात ओल आत कोंडली आणि ताटाएवढ्या खपल्या पडल्या, पाठीला भेंड्यांची माती घेऊन. गावातले म्हातारे गवंडी बघायला आले. "चुना केला म्हणतोस, मग चुना मळायची घाणी कुठं फिरली?"

पोलिसांनी खाचेचा फोटो मागितला. एकही नव्हता. वर करारात ओळ निघाली: 'निकामी लाकूड व राडारोडा उचलणे, १४,००० रुपये'. खाली माझी सही. म्हणजे आजोबांचं सागवान न्यायचं भाडंही मीच भरलं.

तुमचा वाडा दुरुस्तीला निघाला असेल तर लाकूड उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नका; वाळवीचं औषध जागेवरही मारता येतं. प्रत्येक खांबावर, तुळईवर नंबर टाका, भेगा-खाचांसकट फोटो काढा. 'निकामी' हा शब्द करारात दिसला तर काय निकामी, किती नग, ते लिहून घ्या. आणि चुना स्वतःच्या डोळ्यांदेखत भिजू द्या.

आम्ही आता छिन्नीनं सिमेंट काढतोय. अंगणातल्या खड्ड्यात चुना टाकलाय. गवंडीबाबा रोज येतात, काठी घालून ढवळून बघतात आणि "अजून नाही" म्हणून निघून जातात.