५८० मांगा, ५८० दिया

एका जुन्या ग्राफिक्स कार्डात साडेनऊ हजार गेले. आकडा आधीच सांगून टाकतो. लाखाचा गंडा नाही, पण दोन लग्नांच्या एडिटिंगचे पैसे आहेत.

डोंबिवलीला घरच्या आतल्या खोलीत माझं एक असेंबल्ड मशीन आहे, त्यावर लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. नोकरी सांभाळून. त्यात जीटीएक्स ७५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड होतं, २०१४ साली निघालेलं, दोन जीबी मेमरीचं. गरीब कार्ड. साठ वॉटवर चालतं, पॉवरची वेगळी वायरही लागत नाही. फुल एचडी होतं तोवर त्याने कधी कुरकुर केली नाही. मग शूटिंगवाले फोरके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट मोठं चित्र, आणून द्यायला लागले आणि दाविंची रिझॉल्व्ह हा एडिटिंगचा प्रोग्रॅम उठसूट ‘जीपीयू मेमरी फुल’ म्हणायला लागलं.

२०२२चा दसरा झाला होता. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, म्हणजे हातात जेमतेम महिना. एनव्हिडियाचं नवीन ३०६० कार्ड घ्यायचं तर तीस हजारांच्या पुढे. मला वेग नको होता, मेमरी हवी होती. कमी पैशात आठ जीबी म्हटलं की तेव्हा एकच नाव यायचं, एएमडीचं आरएक्स ५८०. जुनं, पण मजबूत. इथवर माझं गणित चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही.

चुकलं ते पुढे. वर्षभरापूर्वी सोन्याच्या भावाने जाणारी ही कार्डं एकाएकी स्वस्त का झाली, हे मला माहीत होतं. १५ सप्टेंबरला इथेरियम या क्रिप्टो चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डावर त्याचं मायनिंग करणं, म्हणजे कार्डाला गणितं करायला लावून ते चलन कमावणं, एका दिवसात बंद पडलं. महिनोन् महिने रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात उतरली. ही बातमी मी वाचली होती आणि वाचून ‘वा, आता आपल्याला स्वस्तात मिळणार’ एवढंच मनात आलं होतं.

शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. पहिल्या मजल्यावर, जिन्यात खोक्यांची रास असलेलं. कार्ड इतकं चकचकीत होतं की मीच खूश. धुतलेलं होतं, हे नंतर कळलं. ही कार्डं केमिकलने धुऊन काढतात. पण धुऊन जात नाही ते तिथेच होतं आणि मी पाहिलं नाही. स्क्रूंची डोकी झिजलेली, म्हणजे कार्ड अनेकदा उघडलेलं. पट्टीच्या कडेला गंज. सीरियल नंबरचं स्टिकर असतं तिथे नुसता चिकट चौकोन. वॉरंटी सीरियल नंबरवर मिळते, त्यामुळे तो चौकोन बघूनच मी जिना उतरायला हवा होता.

डेमो मात्र झकास दिला. दुकानाच्या मशीनवर कार्ड लावलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘आरएक्स ५८०’ दाखवलं, एक गेम दहा मिनिटं चालवून दाखवला. पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वेगळा लागेल. मग व्हिजिटिंग कार्डाच्या मागे बॉलपेनने लिहून दिलं, ‘५८० ८ जीबी, टेस्टिंग ७ दिवस’.

घरी लावलं. एएमडीच्या साइटवरून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकला. पिवळा त्रिकोण, कोड ४३, म्हणजे विंडोजने कार्ड बंद केलेलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणे विंडोज खराब आहे, नवीन टाका. टाकलं, त्यात दोन रात्री गेल्या. पुन्हा कोड ४३. मग त्याने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली, ‘हा पॅच रन करा, रिस्टार्ट मारा’. केलं आणि कार्ड चालू झालं! मी त्याचे आभार मानले. खरंच, हात जोडलेला इमोजी पाठवला.

तो पॅच काय करतो हे भाच्याने सांगितलं, तो हार्डवेअरमधला आहे. कार्ड कसं चालायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम कार्डातच असतो, तो बायोस. एएमडीचा ड्रायव्हर त्या बायोसची सही तपासतो. बायोसमध्ये कोणी हात घातला असेल तर कार्ड चालूच करत नाही. मायनिंगवाले बायोस बदलतातच, चिपचा वेग उतरवतात आणि मेमरीचं टायमिंग ओढून-ताणून बसवतात. पॅचने फक्त ती तपासणी बंद होते. दुकानाच्या मशीनवर तो आधीच मारलेला, म्हणून तिथे सगळं सुरळीत.

मग भाच्याने जीपीयू-झेड उघडलं. कार्डाची माहिती दाखवणारा लहानसा फुकट प्रोग्रॅम. एनव्हिडियाचं बनावट कार्ड असेल तर तो नावाआधी सरळ ‘फेक’ लिहितो. माझं कार्ड एएमडीचं आणि बनावटही नव्हतं, म्हणून तसं काही आलं नाही. भाच्याने ‘शेडर्स’च्या, म्हणजे चिपमधल्या हिशेब करणाऱ्या छोट्या युनिट्सच्या, चौकटीवर बोट ठेवलं. २०४८. “मामा, ५८०ला २३०४ असतात.”

एएमडीने २०१८मध्ये चीनच्या बाजारासाठी ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ नावाचं कार्ड काढलं होतं. नाव ५८०चं, आतला ऐवज त्याच्या खालच्या ५७०चा. इकडे विकताना शेवटचे ते आकडे कोणी उच्चारत नाही. खरं तर फरक अकरा टक्क्यांचा आहे आणि मला वेग नकोच होता, तेवढं मी सोडून दिलं असतं. पण अर्धा तास रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायला, लावला की स्क्रीनवर हिरवे ठिपके यायचे, मग काळोख. भाच्याने मूळ बायोस शोधून परत चढवला. कोड ४३ गेला, ठिपके राहिले. मेमरीच भाजलेली होती. ज्या मेमरीसाठी घेतलं, तीच.

दुकानदाराला कळवलं तर “दिवाळी है सर, भाऊबीज के बाद आइए, देख लेंगे.” गेलो. त्याने व्हिजिटिंग कार्ड उलटं करून ७ दिवस दाखवले. मी २०४८चा विषय काढला. तो शांतपणे म्हणाला, “सर, आपने ५८० मांगा, ५८० दिया.” यावर मला काही सुचलंच नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन केला. त्यांनी पहिल्यांदा मागितलं ते बिल.

सीझन कसा निघाला? ७५० टीआयवरच. फुटेजच्या प्रॉक्सी, म्हणजे हलक्या लहान प्रती, रात्रीतून बनवायला लावायच्या, सकाळी त्यावर एडिट करायचं, टाइमलाइन फुल एचडी ठेवायची. गिऱ्हाईक शेवटी पेन ड्राइव्हवर फुल एचडीच मागतं. ही युक्ती दसऱ्यालाही मला ठाऊक होती, पण तेव्हा डोक्यात फक्त आठ जीबी घोळत होतं.

जानेवारीत त्याच दुकानातून मेसेज आला, “वो ५८० देना है क्या? ३५०० दूंगा.” खोटं कशाला बोलू, रात्रभर विचार केला. साडेतीन हजार वाईट नव्हते. सकाळी कार्ड काढलं आणि त्या चिकट चौकोनावर परमनंट मार्करने लिहिलं, ‘२०४८ आहे. मेमरी गेलेली. घेऊ नका.’ सध्या ते टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे.