आत्मचिंतनाची छापील वही: प्रश्न घ्या, गुणपत्रक सोडा

छापील प्रश्नांच्या 'आत्मचिंतन वह्या' आता ढिगाने मिळतात. त्यातली एक मी नेटाने भरली. पानं संपत आलीत, म्हणून हा अभिप्राय. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण बहुतेकींचा साचा एकच असतो. आधी ध्येयाचं पान, मग रोज संध्याकाळचे चार प्रश्न, आठवड्याला स्वतःला गुण द्यायचं पान, आणि मधूनमधून डोंगरमाथ्यावर हात पसरून उभ्या असलेल्या माणसाचं चित्र. हा माणूस खाली कधी उतरतो, ते कुठल्याच वहीत दाखवत नाहीत.

माझं काम अंतर्गत लेखापरीक्षणाचं. दुसऱ्यांनी भरलेले रकाने दिवसभर तपासायचे. त्यामुळे कुठलाही अर्ज समोर आला की मी आधी बघते ते विचारलंय काय, जागा किती दिलीय आणि भरणारा कुठे थाप मारणार. या वहीत थापेची जागा पहिल्याच पानावर आहे. 'माझ्या दृष्टीने यश म्हणजे काय, एका वाक्यात लिहा.' खाली दोन ओळी. वही कोरी असताना या प्रश्नाला कुणाकडेही स्वतःचं उत्तर नसतं, ऐकीव तेवढं असतं. माझं वाक्य होतं: जबाबदारीचं पद, आर्थिक स्थैर्य, समतोल आयुष्य. वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात सहज खपून गेलं असतं. हे पान वहीच्या शेवटी हवं.

संध्याकाळच्या पानासाठी मात्र ही वही खुशाल घ्या. आज कशात वेळ गेलेला कळला नाही? काय टाळलं? कुणाशी बोलताना आवाज बदलला? कुणी बघत नसतं तरी आज काय केलं असतं? चारही प्रश्नांत 'का' नाही, आणि ते मुद्दाम असावं. 'माझं असं का होतं' म्हणत बसलं की घाण्याच्या बैलासारखं गोल गोल फिरणं सुरू होतं. मानसशास्त्रातही जुन्या सलांचा रवंथ करणं आणि कुतूहलाने स्वतःकडे बघणं या दोन वेगळ्या सवयी मानतात. ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल यांनी १९९९ मध्ये या दोन्ही वेगवेगळ्या मोजणारी प्रश्नावली मांडली. वरवर दोन्हींत माणूस गप्पच बसलेला दिसतो.

आवाजाचा प्रश्न मला सुरुवातीला पोरकट वाटला होता, पण सगळ्यात जास्त शाई त्यावरच खर्च झाली. एका वरिष्ठांशी बोलताना माझा आवाज वर चढतो आणि वाक्यं अर्धवट सुटतात, हे मला ठाऊकच नव्हतं. ते लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी बोलता बोलताच लक्षात यायला लागलं.

वहीचा खरा उपयोग मागची पानं चाळताना कळतो. ज्या दिवशी मला बढतीचं पत्र मिळालं, त्या दिवसाची नोंद एवढीच आहे: 'पत्र आलं. आभाराचा ईमेल पाठवला. डोकं दुखत होतं.' त्याच आठवड्यातली दुसरी नोंद पान भरून समासात चढलीय. आमच्याकडे नव्याने आलेली मुलगी एका खात्यातली तफावत शोधत होती. मला ती तफावत दिसली होती, पण मी बोलले नाही, शेजारच्या खुर्चीवर बसून राहिले. तिने बेरजा उलट क्रमाने तपासल्या, एक पावती दोनदा चढवलेली सापडली आणि ती टेबलावर हात आपटून म्हणाली, 'मिळाली!' हे सगळं मी अगदी पावतीच्या रंगासकट लिहिलंय. पहिल्या पानावरच्या माझ्या व्याख्येत या प्रसंगाला जागाच नव्हती. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर शीर्ष एका खात्याचं होतं आणि नोंदी भलत्याच खात्यात पडत होत्या.

पद्धत काही नवी नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेका रात्री दिवा मालवल्यावर, बायको बोलायची थांबली की, आपल्या सगळ्या दिवसाची झडती घेत असे आणि स्वतःपासून काही लपवत नसे. ही सवय त्याने सेक्स्टियस या आधीच्या रोमन तत्त्वज्ञाकडून उचलली होती. आज कुठला दोष बरा केलास, कशाला विरोध केलास, कशात सुधारलास, असे सेक्स्टियसचे प्रश्न. बघा, गुण द्यायला त्यानेही सांगितलेलं नाही.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. दर आठवड्याच्या शेवटी आठ फाकांचं एक वर्तुळ येतं: काम, पैसा, आरोग्य, नाती वगैरे. प्रत्येक फाकेला दहापैकी गुण द्यायचे आणि रंग भरायचा. एकदा आकडा आला की माणूस आकड्यासाठी जगायला लागतो. हे मी पगार घेऊन रोज बघते, घरी आणखी कशाला? 'नाती' या फाकेला सहाचे सात करायला मी एका मैत्रिणीला फोन लावला आणि बोलताना मनात रंगपेटी होती! बेंजामिन फ्रँकलिननेही तक्ता केला होता म्हणा. १३ सद्गुण, आठवड्याचे सात रकाने, चूक झाली की काळा ठिपका. पण तो फक्त चुका टिपायचा आणि एका आठवड्यात एकाच गुणाकडे खास लक्ष द्यायचा. मूळ यादी १२ गुणांची होती. एका मित्राने 'तू गर्विष्ठ आहेस' असं सुनावल्यावर तेरावा गुण म्हणून नम्रता आली. असं तोंडावर सांगणारा मित्र कुठल्या वर्तुळातून मिळणार?

वहीसोबत मोबाइलवर ऐकायचं ध्वनिमुद्रणही आहे. बासरी, लाटा आणि 'स्वतःला शिखरावर पाहा' म्हणणारा आवाज. मी ते बंद केलं. नुसतं शांत बसणं अवघड जातं, हे मान्यच आहे. २०१४ मध्ये टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी माणसांना रिकाम्या खोलीत १५ मिनिटं विचारांच्या सोबतीला बसवलं, जवळ विजेचा सौम्य झटका घेण्याचं बटण ठेवलं, तर १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी ते दाबून बघितलं. म्हणून हातात एखादा प्रश्न हवा, ते पटतं. बासरीचं काय काम, ते नाही पटलं.

वेष्टनावर 'पहिल्या दिवसापासून हलकं वाटेल' असं छापलंय. त्यावर जाऊ नका. पेनेबेकर आणि बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थी सलग चार दिवस १५-१५ मिनिटं आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या प्रसंगांबद्दल लिहीत होते. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेच बरं वाटलं नाही, उलट उदास वाटलं. पुढच्या सहा महिन्यांत मात्र त्यांच्या आरोग्य केंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. आणि झोप उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर ही वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

कागद जाड आहे, शाईचं पेन चालतं, पण डावखुऱ्यांच्या हाताला शाई लागणार. खुणेची फीत लवकर विसकटते. शिलाई उत्तम, वही कुठल्याही पानावर सपाट उघडी राहते.

पाचपैकी किती तारे, ते विचारू नका. प्रश्नांसाठी घ्या, पहिलं पान कोरं ठेवून थेट संध्याकाळपासून सुरुवात करा. वर्तुळाची पानं कापू मात्र नका. शिवलेल्या वहीत एक पान कापलं की त्याचं जोडपान सुटतं आणि तिकडची लिहिलेली नोंद निखळून हातात येते. वर्तुळावर कोरा कागद चिकटवा, गोंद फक्त कडांना लावा. जास्त लागला तर पान फुगतं आणि पुढच्या पानावर पेन अडखळतं.