दुखऱ्या पंजाकडे आधी नीट पाहणारा दवाखाना

नागपूरच्या धरमपेठेतील या प्राण्यांच्या दवाखान्यात आम्ही पोहोचलो ते दुसरीकडचे उपचार फसल्यानंतर. आमचा खंडू हा सहा वर्षांचा गावठी कुत्रा आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस तो पुढच्या उजव्या पायाने लंगडू लागला आणि रात्री दिवा मालवला की पंजा चाटण्याचा चपचप आवाज सुरू होऊ लागला. आधी जिथे दाखवले तिथे बोटांना हातही न लावता एक्स-रे काढला, हाड शाबूत असल्याचे सांगितले आणि पाच दिवसांच्या वेदनाशामक व प्रतिजैविक गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या चालू होत्या तोवर सूज उतरली. त्या संपल्यावर चौथ्या दिवशी ती पुन्हा आली, आणि या वेळी दोन बोटांच्या मध्ये मसुराएवढे ओले छिद्रही दिसू लागले.

इथल्या डॉक्टरांनी खंडूला लगेच टेबलावर चढवले नाही. त्यांनी मला त्याला बाहेरच्या गल्लीत पट्ट्याला धरून सावकाश चालवायला सांगितले आणि त्या स्वतः पायरीवर उभ्या राहून पाहत राहिल्या. दुखरा पुढचा पाय जमिनीवर टेकला की कुत्रा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकला की मान खाली येते, हे त्यांनी मला तिथेच दाखवले. आठवडाभर ती मान माझ्या डोळ्यांसमोर हलत होती, पण तिचा अर्थ मला कळला नव्हता. त्यानंतर प्रश्न सुरू झाले: झोपेतून उठल्यावर जास्त लंगडतो की फिरून आल्यावर, पाय टेकवतो की अधांतरी धरतो, चाटतो ती जागा एकच असते की बदलते, फिरायला कुठे नेता. आम्ही अंबाझरीच्या बाजूला, पावसाळ्यानंतर वाळलेल्या उंच गवतात त्याला मोकळा सोडतो, असे मी सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि मगच तपासणीला सुरुवात केली.

ती तपासणी हे या दवाखान्याचे सर्वांत मोठे बळ आहे, असे माझे मत आहे. डॉक्टरांनी पहिल्यांदा चांगला पाय हातात घेतला, म्हणजे खंडूला स्पर्शाची सवय झाली आणि निरोगी पंजा कसा लागतो याचा अंदाजही आला. मग दुखऱ्या पायाचा खांदा, कोपर, मनगट असे वरून खाली येत त्यांनी बोटांना सर्वांत शेवटी हात लावला. मी घाईने त्याचा पाय पुढे ओढू लागलो, तेव्हा तिथले वयस्कर मदतनीस काका हळूच म्हणाले, ‘‘वढू नका भाऊ, त्याले दुखते. त्याले सोताहून देऊ द्या.’’ आणि त्यांनी खंडूच्या छातीखाली तळहात ठेवून तो पाय अलगद उचलून घेतला. कोमट सलाईनने पंजा धुतल्यावर, केस कापल्यावर आणि बोटे एकेक करून फाकवल्यावर ते छिद्र स्पष्ट दिसले. आत कुसळ असण्याची शक्यता डॉक्टरांनी तेव्हाच बोलून दाखवली. कुसळाचे केस उलट्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे ते आत शिरल्यावर प्रत्येक पावलागणिक पुढेच सरकते, मागे येत नाही. आणि वनस्पतीचा तुकडा असल्याने साध्या एक्स-रेमध्ये ते सहसा दिसतही नाही. गोळ्यांनी सूज उतरून पुन्हा का आली, हे मला त्या एका वाक्यात समजले.

भूल देऊन बारीक चिमट्याने त्यांनी ते बाहेर काढले. पुवाने माखलेले, नखाएवढे, पेंढ्याच्या रंगाचे ते कुसळ ट्रेमध्ये पडलेले पाहून माझ्या पोटात कालवले, कारण ते घेऊन हा मुका जीव पंधरा दिवस माझ्याबरोबर जिने चढत होता.

मलमपट्टीची पद्धतही सांगण्यासारखी आहे. बोटांच्या मध्ये ओल राहून जखम चिघळू नये म्हणून तिथे कापूस ठेवला, आणि मधल्या दोन बोटांची टोके पट्टीच्या बाहेर राहू दिली. ती सुजली, गार पडली किंवा नखे एकमेकांपासून दूर फाकली तर पट्टी घट्ट झाली असे समजून ताबडतोब या, असे बजावले. बाहेर नेताना पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, पण घरात येताच काढायची, आणि चाटू नये म्हणून गळ्यात शंकू कायम ठेवायचा. आम्ही घरी जखमेत हळद भरली होती, तेही मी सांगितले. भुकटी वाळून खपली धरते आणि पू आतच कोंडला जातो, एवढेच त्या शांतपणे म्हणाल्या. माणसांची वेदनाशामक गोळी मात्र कधीही देऊ नका, आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे त्यांनी दोनदा सांगितले.

खर्च तपासणीसह सर्व मिळून 2,600 रुपये आला. पट्टी बदलण्यासाठी तीनदा जावे लागले आणि बाराव्या दिवशी खंडू चारही पाय टेकून धावला. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी उन्हाळ्याचा विषय स्वतःहून काढला. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा डांबर त्याहून कितीतरी जास्त तापलेले असते. म्हणून हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवता आली नाही तर कुत्र्याला त्यावर चालवू नये, आणि गवतातून आल्यावर रोज बोटांच्या फटी पाहाव्यात, असे त्यांनी सांगितले. आता दाराशी कंगवा आणि ओले फडके ठेवलेले असते.

उणिवाही आहेत. संध्याकाळी सहानंतर तासभर थांबावे लागते, फोन दुपारी उचलला जात नाही, आणि प्रतीक्षेच्या खोलीतील फरशी इतकी गुळगुळीत आहे की तीन पायांवर उभा असलेला कुत्रा तिथे घसरतो. खंडू पहिल्या दिवशी दोनदा पडला. दारापासून टेबलापर्यंत रबरी चटई अंथरावी, अशी माझी दवाखान्याला मनापासून विनंती आहे.